लुना फार्हीच्या दाराची चौकट

आपण कोण आहोत हे जगाला सांगायचं की जगापासून लपवायचं, हा प्रश्न आमच्या लोकांपुढे दर दोन पिढ्यांनी उभा राहतो आणि त्याचं उत्तर शोधता शोधता साम्राज्यं बुडाली आहेत. लुना फार्हीपुढे तो नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी उभा राहिला, तेव्हा घरात स्क्रूड्रायव्हर सापडत नव्हता.

"सुरीने काढा, वहिनी," साबिताय जिन्यातून कुजबुजला.

साबिताय हा तिचा धाकटा दीर. भूगोलाचा निवृत्त शिक्षक आणि महिन्याभरापासून आमच्या प्लोव्हदिव्ह शहरातल्या ज्यू समाजाच्या सुरक्षा समितीचा अध्यक्ष. कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून तो हल्ली अंधारात चमकणारं पिवळं जाकीट घालून फिरत असे.

"याकोने बसवलीय ती. सुरीने निघायची नाही."

"निघेल हो. याकोदादाच्या हातचं आजवर काय टिकलंय?"

काढायची होती ती दाराच्या उजव्या चौकटीवरची मेझुझा. बोटाएवढी पितळी डबी, आत प्रार्थनेचं गुंडाळलेलं चर्मपत्र. बाहेर पडताना तिला दोन बोटं लावायची आणि ती ओठांना टेकवायची, एवढंच. धुलाईकेंद्राच्या काउंटरवर लोकांचे कोट घेण्या-देण्यात लुनाचं नोकरीचं सगळं आयुष्य गेलं, आणि नोकरीच्या पहिल्या दिवसापासून घराबाहेर पडताना ती हे करत आली होती. देवावर तिचा फार भरवसा होता असं नाही. पण ते राहून गेलं तर गॅस चालू राहिल्यासारखं तिला दिवसभर वाटत राही.

इमारतीत त्या डबीकडे कुणी कधी पाहिलं नव्हतं. खालच्या मजल्यावरची दोन्का तिला बंद पडलेली घंटा समजत होती. पण दूर कुठे युद्ध पेटलं की आमच्याकडे भिंती रंगतात, असा नियमच आहे. आधी आमच्या कब्रस्तानाच्या भिंतीवर लाल रंग पडला. मग लिफ्टमध्ये कुणीतरी खिळ्याने कोरलं, 'ज्यूंनो, चालते व्हा.' लिफ्ट तळमजल्यावर कधीची बंद पडलेली असल्याने ते फारसं कुणी वाचलं नाही. लुनाने वाचलं. तेव्हापासून जिन्यात पाऊल वाजलं की ती टीव्हीचा आवाज बंद करी.

शेवटी डबी निघाली. तिने ती स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवली. तिथे स्क्रूड्रायव्हर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्का दारात थबकली. वर्षानुवर्षं मिरच्या भाजून भाजून काळवंडलेल्या चौकटीवर एक पांढराशुभ्र उभा चट्टा आणि दोन भोकं.

"अगं बाई! लुने, तुझी घंटा चोरली की गं कुणी!"

दुपारपर्यंत वरचे, खालचे आणि शेजारच्या जिन्यातलेही येऊन पाहून गेले. डबी असताना जे कुणाला दिसलं नव्हतं, ते आता सगळ्यांना दिसत होतं.

झाकणार कशाने? आमच्या गावात माणूस गेला की त्याचा फोटो छापलेलं शोकपत्रक दारावर चिकटवतात, आणि दर वर्षी स्मरणदिनाला नवं. एकही दार त्यातून सुटलेलं नाही. लुनाच्या नवऱ्याला, याकोला, जाऊन वर्ष होत आलंच होतं. तिने नवं पत्रक छापून आणलं आणि थोडं चौकटीवर, थोडं भिंतीवर येईल असं चिकटवलं. चट्टा पार झाकला गेला. शनिवारी साबितायने येऊन सुरक्षेच्या नजरेने, जवळून आणि लांबून, पाहणी केली.

"झकास! आता कसं चारचौघांच्या दारासारखं दिसतंय."

सोमवारी दिवेलागणीला लुना बुरेकासचं, म्हणजे आमच्याकडच्या चीज भरलेल्या करंज्यांचं, पीठ लाटत होती. फोन वाजला. दोन्का होती आणि धापा टाकत होती.

"लुने, दिवा घालव. दोन बाप्ये आलेत. टोप्या घातलेले, हातात काळी पिशवी. दार वाजवून वाजवून विचारतायत, ती ज्यू बाई कुठे राहते म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, इथे कुणी ज्यू-बियू नाही. चौथ्यावर एक फार्ही आहे, पण ती इटालियन."

"माझं नाव सांगितलंस?"

"इटालियन म्हणून सांगितलं की!"

लुनाने दिवा घालवला आणि साबितायला फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. खाली कुणीतरी दार लावून घेतलं, कडी सरकवली. पावलं तिसऱ्या मजल्यावर थांबली, मग वर चढू लागली. दाराखालच्या फटीतून विजेरीचा उजेड आत आला, तिच्या सपातांवरून फिरला आणि गेला.

"हे नाही," बाहेर एक जण हळू आवाजात म्हणाला. "थांब. हेच ते."

पिशवीची चेन उघडली. लोखंडावर लोखंड वाजलं.

लुनाच्या हातात लाटणं होतं, आमच्याकडचं, बारीक आणि हातभर लांब. त्याने पीठसुद्धा जेमतेम वठणीवर येतं. तिला सासू आठवली. महायुद्धात, त्रेचाळीसच्या मार्चमध्ये, सासूला पोलिसांनी गावातल्या इतर ज्यूंबरोबर पहाटे घरातून उठवून शाळेच्या अंगणात नेऊन बसवलं होतं. ती म्हणायची, दार आपणच उघडावं; निदान दार तरी शाबूत राहतं.

लुनाने दार उघडलं.

"कोण पाहिजे?"

दोघेही दचकून मागे सरले. थोरल्याच्या हातात ड्रिल होतं.

"मावशी, फार्ही तुम्हीच ना?"

"मी इटालियन आहे," लुना म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा बरा निघाला.

"असाल. साबितायसरांनी पाठवलंय. कॅमेरा बसवायचाय, सुरक्षेचा. म्हणाले, चौकटीवर पितळी डबी दिसेल तेच दार. आम्ही मघापासून वर-खाली करतोय, डबी कुठेच नाही. सरांना सारखा फोन लावतोय, ते म्हणतात, नीट बघा."

"मग हे दार कसं ओळखलंत?"

त्याने ड्रिलनेच दाखवलं. याकोच्या फोटोच्या वर, जिथे बाकीच्यांच्या पत्रकावर क्रूस असतो तिथे, छापणाऱ्याने नेहमीप्रमाणे चोख काम केलं होतं. सहा टोकांचा, वाटीएवढा तारा.

"इटालियन लोकांत असतो तसला," दोन्का जिन्यातून म्हणाली. ती लादी पुसायचा दांडा दोन्ही हातांत उगारून वर आली होती आणि तो खाली घ्यायला अजून तयार नव्हती.

धाकट्याने पत्रक अलगद सोडवलं आणि दाराच्या मधोमध चिकटवलं. मग चट्टा पाहून तो खूश झाला.

"वा! भोकं तयारच आहेत."

ड्रिल पिशवीत परत गेलं. कॅमेरा डबीच्याच स्क्रूंनी, डबीच्याच जागी बसला. दोन्काने सगळ्यांना कॉफी पाजली.

मार्चमध्ये साबिताय घुश्शात आला. "वहिनी, त्या काचेला हात लावत जाऊ नका."

"मी? मी कुठे लावते?"

"रोज! समितीने सगळं चित्रीकरण बसून पाहिलं."

हिवाळाभर त्या जिन्यात संशय घ्यावा असं कुणीच आलं नव्हतं. रोज सकाळी दोन बोटं येतात, पडदा काळा होतो, बोटं जातात. फेब्रुवारीपासून पुढे काहीच दिसत नाही. काचेवर बुरेकासचं तूप आहे.