पडवीतली चूल

ऋतिका सहा दिवस कारखान्याच्या फाटकाबाहेर बसून होती, आणि सातव्या दिवशी, रविवारी सकाळी, गावकीने तिच्या आजोबाला देवळात बोलावलं.

गाव खालापूर तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याचं, चाळीस-पन्नास उंबऱ्यांचं. कारखाना खोपोलीच्या रस्त्यावर, रंगाचे डबे भरणारा. ऋतिका धरून गावातल्या अकरा पोरी तिथे पॅकिंगला होत्या. सगळ्या ठेकेदाराच्या, आणि ठेकेदार पोपट याच गावचा. सात महिने भरले की पोरींना दहा दिवस घरी बसवायचं, मग नवं कार्ड, नवी भरती. चार-चार वर्षं डबे भरून बोटं रंगली तरी कागदावर पोरगी नवीनच. यंदा आसपासच्या गावांतल्या साठेक बायांनी मिळून सांगितलं, ब्रेक घेणार नाही, कंपनीच्या रजिस्टरवर नावं चढवा. कंपनीने फाटक लावून घेतलं. बाहेरची माणसं आणून बघितली, तर त्यांनी निम्मा रंग जमिनीवर सांडला. माल अडला. तेव्हा पोपटला गावकी आठवली.

गावकी माणसं मोजत नाही, चुली मोजते. एक चूल म्हणजे एक घर. भाऊ वेगळे झाले, दुसरी चूल पेटली आणि घरातल्या थोरल्याने गावकीच्या माणसांसमोर ‘वेगळी झाली’ म्हटलं, की दुसरं घर झालं. घरातल्या कर्त्या पुरुषाने देवळात नारळावर हात ठेवून ‘गावासंगं’ म्हटलं, की त्या चुलीवर शिजलेलं खाणाऱ्या सगळ्यांना तो शब्द लागू. मोडला तर घर वाळीत. वाळीत टाकणं गुन्हा आहे हे गावाला चांगलं ठाऊक आहे, म्हणून हल्ली तो शब्द कोणी काढत नाही. तुमच्या दारात मांडव पडला की नेमकं सगळ्यांना कर्जतला काम निघतं, इतकंच.

ऋतिकाचा आजोबा, सदुसष्ट वर्षांचा नामा, त्या दिवशी पहाटेपासून एकच वाक्य घोकत होता. पोपट, ज्याच्या पोटावर येतंय त्यानंच ठरवावं. आंघोळ करतानाही घोकलं, सदऱ्याची बटणं लावतानाही घोकलं.

“बाबा, तिथं भाषण ठोकू नका,” प्रवीण म्हणाला. हा नामाचा मुलगा, ऋतिकाचा बाप, आणि पोपटच्या माणसांवरचा सुपरवायझर. पोरींची गाडी भरून नेणं हे त्याचं काम. सहा दिवस तो रिकामी गाडी घेऊन फाटकातून आत जात होता, आणि बाहेर घोषणा देणाऱ्यांत त्याची मुलगी होती.

“मी माझं बोलंन,” नामा म्हणाला.

“तुमचं बोलणं आयकून आयकून तारेचा कारखाना गेला. आज तिथं टॉवर उभं हायेत. वीस मजली.”

“कारखाना मालकानं इकला.”

“तुमी इकायला लावला! रोज उठून झेंडा, रोज उठून झेंडा.”

हे भांडण या घरात इतक्या वेळा झालं होतं की इंदूबाई, नामाची बायको, त्याकडे लक्ष न देता भाकरी थापत राहायची. दोघांचंही खोटं नव्हतं. तारेच्या कारखान्यात नामा एकवीस वर्षं पर्मनंट होता. सत्तावन्न दिवसांचा संप त्याने पाहिला होता, आणि राजकारण म्हणून जे काही त्याला कळत होतं ते त्याच फाटकावर. फूट पडली की माणूस मेला, एवढंच. सख्खा भाऊ चांगो चाळिसाव्या दिवशी मागच्या दाराने कामावर गेला, कारण घरात मूल तापाने फणफणलं होतं. नामा त्याच्याशी पुन्हा बोलला नाही. चांगोच्या मयतालाही तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आणि नारळावर हात ठेवायची गावकीची रीत कारखान्याच्या फाटकावर नेली ती नामानेच. तेव्हा त्याला त्याचा फार अभिमान वाटला होता.

प्रवीणने मात्र तो कारखाना आतून कधी पाहिलाच नाही. आयटीआय करून तो बापाच्या जागेवर लागायचा होता, त्याच वर्षी टाळं लागलं. तीन वर्षं त्याने नेरळला टेंपोत विटा चढवल्या. तिथून पोपटने उचलून त्याला सुपरवायझर केलं. ज्या हाताने भाकरी दिली तो हात प्रवीणला देवाचा वाटे, आणि लाल झेंडा दिसला की अजूनही त्याच्या खांद्यावर विटा चढत.

देवळात सगळे आधीच बसले होते. पुरुषच सगळे. पांढऱ्याशुभ्र शर्टातला पोपट उठून उभा राहिला आणि नामाच्या पाया पडला.

“या काका. पहिला मान तुमचा.”

“पोपट, मला बोलायचंय.”

“बोला की! तुमच्याकडनंच शिकलो आमी. गाव एक तर गाव, नाय तर माळावरची ढोरं. शिकवलंत ना?”

“शिकवलं. पण ज्याच्या पोटावर—”

“पोटाचंच बोलतोय मी. उद्या कंपनीनं मला काढला तर कोण येल? भाईरचा ठेकेदार येल, भाईरच्या पोरी आणील. मग आपल्या अकराच्या अकरा घरात. मी कसा का असंना, गावचा हाय. देवळाला पत्रे कुणी घातले? ॲम्ब्युलन्स कुणाची येते?”

माना हलल्या. त्या माना भीतीने हलल्या असत्या तर नामाला बोलायला जोर आला असता. पण तिथे बसलेल्या निम्म्यांची पोरं पोपटकडे कुठे ना कुठे चिकटलेली होती, आणि ती माणसं मनापासून हलवत होती.

“पोरी हक्काचं मागतायत,” नामा म्हणाला. “ब्रेक देऊ नका म्हणतायत. ह्यात वाईट काय हाय? कंत्राटी माणूस काय माणूस नाय?”

पोपट हसला. मग अगदी प्रेमाने म्हणाला, “काका, हिरू आठवतो का?”

देवळात कोणीतरी खोकलं.

हिरू वरच्या ठाकूरवाडीचा. तारेची भेंडोळी ट्रकवर चढवणाऱ्या कंत्राटी माणसांचा म्होरक्या. त्या तीस माणसांनी नामाच्या नारळावर हात ठेवला होता आणि सत्तावन्न दिवस ती उन्हात उभी राहिली होती. करार झाला तेव्हा पर्मनंटना वाढ मिळाली, पोरांना वारसाची जागा मिळाली, आणि चढवणारी तीस माणसं काढून दुसरी लावली गेली. करारावर पाच सह्या होत्या. तिसरी नामाची. हिरू त्यानंतर एकदा अंगणात येऊन उभा राहिला होता. नामाने आतून इंदूबाईला सांगायला लावलं होतं, घरात नाहीत म्हणून.

“मी चूक म्हणत नाय,” पोपट म्हणाला. “तुमी आपली माणसं बघितलीत. मी बी आपलीच बघतोय. तुमच्यात नि माझ्यात फरक काय, सांगा ना काका?”

कोणीतरी फिस्सकन हसलं. पोपटच्या मुस्काटात द्यावी असं नामाला वाटलं. घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. पुजाऱ्याने नारळ पुढे केला. सगळं गाव बघत होतं. गाव एका बाजूला असताना एकट्याने दुसऱ्या बाजूला उभं राहायचं कसं, हे नामाला कोणी शिकवलंच नव्हतं. अशा माणसाला तो आयुष्यभर एकाच शब्दाने ओळखत आला होता. फितूर.

त्याने हात ठेवला. “गावासंगं,” म्हणाला.

त्याच्या मागे रांग लागली.

दुपारी ऋतिका घरी आली ती ऐकूनच आली होती. चोवीस वर्षांची, कर्जतच्या कॉलेजात बी. कॉम. झालेली. चप्पल काढायच्या आधी तिने विचारलं, “आबा, माझ्या वतीने हात ठेवलात?”

“घराच्या वतीनं.”

“मला विचारलं होतं?”

“घर म्हंजे काय दहा जणांना इचारून चालतं? एक चूल, एक शब्द.”

“उद्या कामावर जायचं,” प्रवीण म्हणाला. “संपला तमाशा.”

“पप्पा, तुमचं मला कळतं. तुम्ही त्याचं खाता, त्याचं गाता. पण हे?” तिने नामाकडे बोट केलं. “लहानपणी मांडीवर बसवून संपाच्या गोष्टी सांगितल्या. मी गाढवासारख्या खऱ्या मानल्या!”

“तोंड सांभाळ गं,” नामा ओरडला.

“नाही सांभाळणार. एक चूल, एक शब्द ना? ठीक आहे.”

ती मागच्या दारी गेली. गोठ्याच्या पडक्या भिंतीच्या तीन विटा आणून तिने पडवीत मांडल्या. काटक्या कोंबल्या, कागद पेटवून सरकवला. धूर झाला, जाळ होईना. जन्मभर गॅसवर चहा केलेली पोर ती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती वेड्यासारखी वरून फुंकत होती.

“खालनं फुंक गं, भवाने,” इंदूबाई आतून म्हणाली. “फुंकाया येत नाय आणि चूल मांडते.”

चूल पेटली. तिच्यावर पातेलं चढलं. तेव्हा कुठे प्रवीणला कळलं की पोरगी काय करते आहे. घरची कळशी उचलून त्याने सगळं पाणी चुलीवर ओतलं. राख उडाली, पडवीभर चिखल झाला.

“लग्न व्हायचंय तुजं! नवऱ्याशिवाय वेगळी चूल मांडतात का कुठं? लोक शेण घालतील तोंडात!”

ऋतिकाने विटा उचलून कोरड्या कोपऱ्यात नेल्या आणि पुन्हा काटक्या रचल्या. नामा ओटीवर बसून बघत होता. उठून चूल मोडावी असं त्याला एकदा वाटलं, आणि उठून प्रवीणला आवरावं असंही. तो बसूनच राहिला.

सोमवारी सकाळी पोपटची गाडी गावात आली. दहा पोरी मान खाली घालून चढल्या. ऋतिका एकटी सहाच्या एसटीने फाटकावर गेली.

संध्याकाळी पोपट आला. बरोबर गावकीची दोन माणसं, मागे प्रवीण. पडवीत ऋतिका विटांवर भात शिजवत होती. तिच्याकडे न बघता पोपट म्हणाला, “काका, नारळ मोडलात तुमी. तुमची नात आजबी फाटकावर होती. मोबाइलवर व्हिडिओ फिरतोय, त्यात नाव घेऊन बोलली माजं.”

नामा उठला. राग सकाळपासून साठत होता. आधी नातीवर, मग प्रवीणवर, दिवसभर घरात बसून स्वतःवर. आता तो कोणावर काढायचा ते त्याला दिसलं.

“तिची चूल वेगळी हाय,” तो म्हणाला.

“काय?”

“घरातला थोरला मी. तुमच्या तिघांसमोर सांगतो. वेगळी झाली. बघा, जळतेय.”

गावकीची दोन माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पोपट हसला. “काका, बाईची चूल गावकीत धरत नाय. ती बी बिनलग्नाच्या पोरीची.”

“नाय धरत ना? मग तुझ्या नारळात बी ती नाय! धरायची असंल तर तिला देवळात बोलव, रांगेत उभी कर, तिच्या तोंडानं काय ते वदवून घे. हाय हिंमत? साठ बायांसमोर बोलते ती. तुझ्या देवळाचे पत्रे उडतील.”

“बाबा!” प्रवीण ओरडला.

“तू गप रं. जन्मभर ह्याची गाडी हाकलीस, काल पोरीच्या चुलीवर पाणी ओतलंस. लाज वाटू दे.” आणि पोपटकडे वळून, “हिरूचं नाव काढलंस ना काल? मी शेण खाल्लं. सही केली, लपून बसलो. माझ्या शेणावर तू दुकान मांडू नको. नीघ अंगणातनं.”

पोपटचा चेहरा काळवंडला, पण आवाज चढला नाही. “प्रवीण,” तो म्हणाला, “उद्यापासनं गाडीवर येऊ नको.” आणि निघाला. प्रवीण अनवाणीच त्याच्यामागे धावला. “शेठ, ओ शेठ, ऐका तरी,” हे वळणापर्यंत ऐकू येत राहिलं.

नामा धापा टाकत होता. छाती मात्र भरून आली होती. तीस वर्षांत असं बोललो नाही, असं त्याला वाटलं. तो पडवीकडे वळला. पोरगी काहीतरी म्हणेल. निदान बघेल तरी.

ऋतिका पातेल्यावरचं झाकण सारखं करत होती. “आबा,” ती म्हणाली, “हे काल देवळात बोलायला पाहिजे होतं. आज दहा जणी आत गेल्या. दुपारपर्यंत डबे भरायची लाइन सुरू झाली. उद्या बाकीच्या गावांतल्याही जातील.”

नामाने पायात चपला सरकवल्या. मग म्हणाला, “त्या पोरींची नावं सांग. घरोघर जातो मी. त्यांच्या म्हाताऱ्यांशी बोलतो.”

तिने खालून चुलीत फुंकर घातली. जाळ वर आला.

“नावं तुम्हाला माहीत आहेत,” ती म्हणाली. “काल त्यांच्या घरचे सगळे तुमच्याच मागे रांगेत होते.”