वीस अंशांवरचं यीस्ट

तिसऱ्यांदाही यीस्टच्या प्लेट्स जवळजवळ कोऱ्या निघाल्या, तेव्हा तनुजानं लॅबचं दार लोटून घेतलं.

"कडुबामामा, माझ्या इनक्युबेटरला कुणीतरी हात लावतंय. जरा नजर ठेवा."

कडुबा एकवीस वर्षं या लॅबचा शिपाई. संशय कुणावर, ते त्याला सांगावं लागलं नाही. शेजारच्या टेबलावर प्रणय बसायचा, आणि फेलोशिप दोघांतल्या एकालाच मिळणार होती.

आठवडाभर त्यानं पाळत ठेवली. फोन आला की प्रणय जिन्यात जायचा. जेवायला सगळे गेले की मागं रेंगाळायचा. एकदा तर त्यानं इनक्युबेटर उघडून आत डोकं घातलं.

"काय बघायलात?" कडुबा मागून म्हणाला.

प्रणय दचकला. "माझी बाटली इथं राहिली का बघतोय. मामा, सारखे माझ्या मागं असता. माझं लग्नबिग्न जमवताय का?"

"ज्याच्या मनात काय नसतं, त्यो दचकत नाय."

हे कडुबानं श्रेया मॅडमच्या कानावर घातलं. त्या दोघांच्या गाइड. सोमवारी त्यांनी प्रणयकडून लॅबची किल्ली मागितली.

"मी काही केलेलं नाही!" प्रणयनं किल्ली टेबलावर आपटली. "तिचं यीस्ट तर इनक्युबेटरमधल्या नळ्यांत दाट वाढलंय. मी बिघडवलं असतं तर वाढलं असतं का?"

"वाढतंय, पण उडी मारत नाही," तनुजा म्हणाली.

"उडी म्हंजी?" कडुबानं विचारलं.

"यीस्टच्या डीएनएत एक तुकडा असतो, मामा. त्याची आधी आरएनएची नक्कल निघते. त्या तुकड्याचीच प्रथिनं त्या नकलेभोवती डबी बांधतात. डबीत एक प्रथिन आरएनएवरून परत डीएनए बनवतं, दुसरं तो डीएनए नव्या जागी घुसवतं. हीच उडी. एवढं झालं तरच यीस्ट माझ्या प्लेटवर जगतं. आणि हे गारव्यातच जमतं. ऊब मिळाली की यीस्ट मजेत वाढतं, पण ती प्रथिनं धड काम करत नाहीत. म्हणून तर वीस अंश."

कडुबानं हातातला फडका खाली ठेवला.

रोज साडेपाचला सगळे निघाले की तो इनक्युबेटरचा आकडा वीसवरून चौतीसवर न्यायचा. तनुजा रागावेल म्हणून सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन परत वीसवर आणायचा. यीस्ट दाट दिसायचं, त्याला बरं वाटायचं. आपल्यामुळे काही बिघडत असेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

मालनबाई, त्याची बायको, आंबवायचं पीठ गोधडीत गुंडाळून ठेवायची. गारठ्यात ते जीव धरत नाही म्हणायची. शेवटचे चार दिवस ती दवाखान्यात काचेच्या खोलीत होती, एसीखाली. "लई गार लागतंय वो," एवढंच म्हणायची. त्यानं घरून गोधडी नेली होती. ती आत नेऊ दिली नाही. घडी न मोडता परत आणली.

मॅडमनी प्रणयची किल्ली उचलली. प्रणय दाराकडे निघाला होता. आपण गप्प बसलो तर कुणाला कळणार नाही, हे कडुबाला ठाऊक होतं.

त्यानं कमरेचा जुडगा सोडून मॅडमपुढं ठेवला.

"मॅडम, त्याची त्याला द्या. ही माझी घ्या. आकडा मी वाढवत व्हतो."

"तुम्ही?" तनुजा बघतच राहिली. "पण का, मामा?"

"त्याला गार लागत आसंल वाटलं."