दुपारच्या बांगेचा फोन

माझी बायको बोलायला लागली की गाडीला ब्रेक नाही. तिला गप्प करणारी दुनियेत एकच गोष्ट, ती म्हणजे बांग. बांग कानावर पडली की ती ओढणी डोक्यावर घेते आणि संपेपर्यंत ओठ उघडत नाही. मग ती बांग तिच्या गल्लीतली असो, नाहीतर इथून परदेशातून माझ्या फोनवर ऐकू गेलेली असो.

मी इथे एसी मेकॅनिक आहे. होतो, म्हणायला हवं. मुकादमाने गच्चीवर चार लोकांत माझा बाप काढला, मी हातातला पाना फेकला. पाना मुकादमाला लागला नाही, माझ्या नोकरीला लागला. पण हे घरी सांगायचं कोणत्या तोंडाने? निघताना सासऱ्यांनी भरल्या घरात सांगितलं होतं, "जावयाचं डोकं गरम. वर्षभर टिकला तर नाव बदलेन माझं!" म्हणून दुसरी नोकरी लागेपर्यंत हूं की चूं करायचं नाही, असं मी ठरवलं.

राहिले बायकोचे प्रश्न. तर मशिदीचा भोंगा आमच्या खोलीच्या खिडकीला अगदी खेटून आहे. सुट्टीच्या दिवशी झोपमोड करतो म्हणून मी त्याला फार नावं ठेवलीत, अल्ला माफ करो. आता तोच कामाला आला. दुपारच्या बांगेच्या जरा आधी फोन लावायचा. "काम कसं चाललंय? ऊन फार आहे का? मुकादम नीट वागतो ना?" एवढ्यात भोंगा सुरू, की बाईसाहेब चिडीचूप. बांग संपली रे संपली की मी म्हणायचो, "चल, जमातीला उशीर होतोय." नवऱ्याला नमाजापासून अडवायची तिची काय बिशाद! फोन ठेवून मी सरळ आडवा व्हायचो.

बरेच दिवस झकास चाललं. आज बांग संपली, मी "चल, जमातीला..." म्हणतोय तोच ती म्हणाली, "थांबा. मुकादमाने कधी काढलं?"

"कुणाला? वेड लागलंय का तुला? गच्चीवर उभा आहे मी!"

"गच्चीवरून फोन करायचात तेव्हा बांग लांबून यायची, मध्ये मशीनची घरघर. हल्ली बांग कानाचे पडदे फाडते आणि मागे नळ टपटपतो. मी बोलत नाही, पण ऐकते ना!"

घ्या! आणि डोळ्यांसमोर आला तो सासरा.

"अब्बांना कळलं?"

"हो. मीच सांगितलं."

"मेलो! काय सांगितलंस?"

"तुम्हाला बढती मिळाली म्हणून. आता उन्हात गच्चीवर चढावं लागत नाही, खोलीत बसून काम असतं."

मला रडूच फुटलं. चांगला बाप्या माणूस, खाटेवर बसून ढसाढसा रडलो.

"अहो, गप्प बसा बघू," ती म्हणाली. "साहेब लोक असे रडतात का? जेवलात का काही?"