मोठं वाजव, माय

बद्रीनाथने पियानो आणला तो वाजवायला नव्हता आणला. करमाडची जमीन शेंद्र्याच्या कारखान्यांत गेली, आलेल्या पैशावर बीड बायपासला बंगला उठला, आणि ज्या बिल्डरबरोबर त्याची प्लॉटिंगची भागीदारी होती त्याच्या दिवाणखान्यात असलं एक धूड उभं होतं. मग आपल्याकडं का नको? छावणीतल्या एका जुन्या घरातलं सामान विकायला निघालं होतं. तिथून त्याने तो उचलून आणला, हॉलच्या मधल्या भिंतीला टेकवला आणि वर प्लॅस्टिकची फुलं ठेवली. बंगला जोडबंगला होता. भिंतीपलीकडं अनंतराव राहत, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले.

ती फुलं मनकर्णाबाईने उचलून कोपऱ्यात ठेवली. मनकर्णाबाई म्हणजे बद्रीनाथची आई. करमाडच्या भजनी मंडळात तिने उभं आयुष्य पेटी वाजवली होती. पण पेटीत डावा हात भाता ओढतो, आणि पियानोला भाता नसतो. उजवा हात सूर शोधायला लागला की डावा आपला रिकाम्या हवेत ओढत बसायचा. तिचं तिलाच हसू आलं, आणि त्या हसण्यानेच तिने छावणीतल्या सरोजिनीबाईंचा पियानोचा मोठ्यांचा वर्ग धरला. बद्रीनाथने हरकत घेतली नाही. आई पियानो शिकते, हे पाहुण्यांना सांगायला बरं होतं.

त्या घरात 'वाजवणे' या शब्दाचा मूळचा अर्थ निराळा होता. एक वाजवीन, म्हणजे कानाखाली. बद्रीनाथचा बाप हेच म्हणायचा आणि म्हटल्यासारखं करायचा. मनकर्णाबाईचा डावा कान अर्धा गेला तो त्यातच. बापाकडून पोराने नाक घेतलं, सातबारा घेतला आणि हा शब्दही घेतला. त्याची बायको कुशावर्ता कन्नड तालुक्यातली, बोलायला कमी, कामाला वाघ. तिच्यावर तो शब्द लग्नाच्या पहिल्या वर्षापासून चालू झाला.

एका संध्याकाळी कुशावर्ताने फोन उचलायला उशीर केला. एवढंच. बद्रीनाथने तिला केसाला धरून जिन्यावरून वर ओढत नेलं आणि तिचं डोकं कपाटाच्या दारावर आपटलं. तिची किंकाळी खाली हॉलमध्ये आली. मनकर्णाबाई पियानोसमोर बसलेली होती. खोटं कशाला बोला, पहिलं मनात आलं ते सुनेचं डोकं नव्हे, अनंतरावांची भिंत. लोक ऐकतील. तिने दोन्ही हातांनी बाईंनी शिकवलेला फौजी मार्च दणकून सुरू केला. सकाळी अनंतराव कुंपणावरून म्हणाले, काल काय जोरदार वाजवलंत हो, आमच्या भिंती हलल्या. घराची अब्रू राहिली असं तिला वाटलं.

मग ते घरचं वळणच पडलं. पट्टा काढत वर जाता जाता बद्रीनाथ म्हणायचा, "माय, मोठं वाजव." आणि ती वाजवायची. वर पट्ट्याचं बक्कल पाठीत रुतायचं, दात ओठात घुसायचा, बांगड्या फुटून मनगटात शिरायच्या. खाली फौज चालायची. तिला कुणी बांधून बसवलं नव्हतं. स्वतःच्या पायांनी जाऊन त्या स्टुलावर बसायची ती. डावा हात आता भाता विसरला होता आणि नगाऱ्यासारखा पडत होता.

वर्गाचा वर्षाचा कार्यक्रम ठरला. सगळ्यांत चांगला पियानो मनकर्णाबाईकडं, म्हणून कार्यक्रम तिच्याच हॉलमध्ये. कुणी काय वाजवायचं ते सरोजिनीबाई ठरवत, आणि त्यात त्यांचा एक पक्का नेम होता. पोरं चुकली तर लोक हसून टाळ्या देतात, मोठं माणूस चुकलं की लोक खाली बघतात. म्हणून मोठ्यांना जमतं त्याहून एक पायरी सोपा पीस, म्हणजे वाजवायचा तुकडा, द्यायचा. मनकर्णाबाईला त्यांनी एक संथ पीस काढून दिला. सूर थोडे, मध्ये मध्ये थांबायच्या जागा. तिथं दोन्ही हात वर उचलायचे आणि आधीचा सूर विरेपर्यंत गप्प बसायचं. या पीसचं सगळं मोल थांबण्यात आहे, असं त्या म्हणाल्या.

मनकर्णाबाईला ते थांबणं ऐकूनच घाम फुटला. नको, मार्चच द्या, असं ती हट्टाने म्हणाली आणि लगेच वाजवून दाखवला. बाई थक्क झाल्या. अवघड जागा इतकी साफ कशी बसली, घरी किती रियाज करता, असं त्यांनी विचारलं. लई वेळा वाजवावा लागतो, ती म्हणाली. मग बाईंनी खूश होऊन मार्चला आणखी एक फेरा जोडला. शेवटी आल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

घरी येऊन तिने हे कौतुक सुनेला सांगितलं. कुशावर्ता स्वयंपाकघरात बसली होती. आदल्या संध्याकाळचा ओठ सुजून काळा पडलेला, त्याला मनकर्णाबाई हळद लावत होती. मार्च आता लांबला, दुप्पट झाला म्हण, असं ती म्हणाली तशी कुशावर्ताने तिचा हात धरून खाली केला.

"आत्याबाई, नका ना लांबवू," ती म्हणाली. "आधी हे दोन मारून थांबायचे. आता तुमचं वाजवणं सरेपर्यंत नाय थांबत. तालावर मारत्यात."

हळदीची वाटी मनकर्णाबाईच्या हातात तशीच राहिली. तिला वाटत होतं, आपण अब्रू झाकतोय. ती माप देत होती. जितका लांब तिचा मार्च तितका लांब मार, आणि वरून ती त्याला आणखी एक फेरा जोडून आली होती. तिला स्वतःची किळस आली. आपली बोटं तोडून चुलीत घालावीत असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने संथ पीस काढला. बद्रीनाथ संध्याकाळी तापूनच आला, साइटवर कुणाशी तरी वाजलं होतं, आणि बायकोला वर घेऊन गेला. मोठं वाजव, असं म्हणून गेला. मनकर्णाबाईने संथ सुरू केलं. पहिली थांबायची जागा आली, तिने हात उचलले, आणि त्या रिकाम्या जागेत कुशावर्ताची किंकाळी धपकन पडली. बद्रीनाथ चार-चार पायऱ्या उतरत खाली आला. आईची मान मागून पकडून त्याने तिचं कपाळ पियानोच्या पट्ट्यांवर आपटलं. सगळे सूर एकदम ओरडले.

"हे काय टुकटुक लावलंय? मोठं वाजव म्हणलं ना."

कपाळातून रक्त येत होतं. आणि तरी तिने मार्च वाजवला, कारण जन्मभर तिने एवढंच केलं होतं, वर हात उठला की ऐकायचं. त्या मार्चच्या दुसऱ्या फेऱ्यात वर कुशावर्ताचा हात कोपरापासून मोडला. डॉक्टरला जिन्यावरून पडली सांगितलं. प्लास्टर झालं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. वर्गातली मोठी माणसं, त्यांची पोरंबाळं, अनंतराव, आणि सगळ्यांत पुढच्या सोफ्यावर बद्रीनाथचा बिल्डर. कुणी चुकलं, कुणी सावरलं, टाळ्या पडत होत्या. कुशावर्ता एका हाताने चहाचा ट्रे धरून फिरत होती. बिल्डरपाशी ट्रे कलंडला आणि गरम चहा त्याच्या पांढऱ्या पँटवर सांडला. बिल्डर काय नाय, काय नाय म्हणाला. बद्रीनाथ हसला. ते हसू मनकर्णाबाईला माहीत होतं. त्याचा बाप असाच हसायचा. हिचं प्लास्टर ओलं झालं, बघतो जरा, असं सगळ्यांना सांगून त्याने बायकोच्या धड हाताचा दंड पकडला, जाता जाता आईच्या चांगल्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "मोठं वाजव, माय."

सरोजिनीबाईंनी तिचं नाव पुकारलं आणि आता फौजी मार्च होईल असं सांगितलं. मनकर्णाबाई जाऊन बसली. वर दार लागल्याचा आवाज आला. तिने डावा हात मांडीवर ठेवला, उजव्याने एकच सूर हलका दाबला, आणि मग दोन्ही हातांनी संथ पीस सुरू केला. बाईंनी चमकून पाहिलं.

पहिल्या थांबायच्या जागी तिने हात उचलले. वर काहीतरी जड पडलं. लोकांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घेतल्या. ती पुढं वाजवू लागली. दुसरी जागा आली. तिने हात उचलले आणि ते खाली आणलेच नाहीत. सूर विरला, आणि वरून आधी पट्टा ऐकू आला, मग कुशावर्ता, अशी ओरडत होती की बिल्डरच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. मग बद्रीनाथचा आवाज आला, साऱ्या हॉलला स्वच्छ.

"माय, थांबली कामून? वाजव."

माणसं खाली बघत होती, जमिनीकडं, चपलांकडं. सरोजिनीबाई पुढं वाकून तिच्या कानात पुटपुटल्या, विसरलात का, पुढचं वाजवा. मनकर्णाबाईने पियानोचं झाकण दोन्ही हातांनी खाली केलं आणि लोकांकडं वळली. कपाळावरची खूण तिने पदराने झाकली नव्हती.

"पुढचं वर चालू हाय," ती म्हणाली. "तिथं माझा पोरगा वाजवतोय. आजवर तुम्ही भिंतीपलीकडून जे ऐकलं ना अनंतराव, ते आम्हा दोघांचं मिळून होतं."

ती उठली आणि जिना चढायला लागली. मागं खुर्च्या सरकल्या. आधी अनंतरावांची, मग बाकीच्यांची.