हरणाचा मागचा पाय

चाचणीघराच्या बाकावर मी बसले होते. मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं चांदीचं हरीण. आउग्सबुर्गमध्ये इथे चांदीचा कस तपासून घ्यायला माल आणायचे ते आमचे हे, लेओनहार्ट. पण हल्ली त्यांना पायऱ्या दिसत नाहीत, आणि ते कुणाला कळता कामा नये. कारागीर आंधळा म्हटल्यावर त्याला काम कोण देणार?

हरीण होतं सरदाराच्या शिकारीच्या मेजवानीसाठी. मुंडकं उचललं की आत वाइन ओतायची. अंगावरचा केस न् केस ह्यांनी बोटांच्या अंदाजाने कोरलेला. पण मागच्या डाव्या पायाला जाळ जास्त लागला आणि पत्र्याला भोक पडलं. ह्यांना दिसलंच नाही. मी सांगितलं तर चिडले, मग म्हणाले, तूच चांदीचा डाग देऊन बुजव. डागाची चांदी हलक्या कसाची असते. चिमूटभर चालते, मी तर बोटभर भरली होती. परीक्षकाने नेमकं तिथेच खरवडलं आणि कस कमी निघाला, तर हरीण तिथल्या तिथे हातोड्याने चेपणार आणि ह्यांचं नाव कारागिरांच्या यादीतून जाणार.

परीक्षक टोबियास. हे आणि तो एकाच गुरूच्या हाताखाली शिकलेले.

"वहिनी, तुम्ही? लेओनहार्ट कुठंय?"

"पडसं झालंय."

"भर उन्हाळ्यात," तो म्हणाला, आणि त्याने हरीण उलटं केलं.

त्याचा अंगठा पोटावरून मागच्या पायावर आला आणि थांबला. तिथेच त्याने खरवडणी टेकवली.

"हे कुणी भरलं?"

"मी."

"त्याला दिसत नाही, कधीपासून?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते खरंच. "दोन हिवाळे झाले."

मग खरवडणी उचलून त्याने पोटाखाली नागमोडी रेघ ओढली. कीस तापवला, तोलला. कस पुरा भरला. शहराची खूण, देवदारफळाचा शिक्का, पोटावर ठोकून त्याने हरीण माझ्यापुढे सरकवलं. ह्यांच्या नावाचा पोलादी ठसा मात्र परत दिला नाही. मालावरच्या खुणेशी ताडून पाहायला तो बरोबर न्यावाच लागतो, आणि त्याच्याशिवाय ह्यांच्या नावाने पुढचा माल निघत नाही.

"हरीण न्या, वहिनी. ठसा इथंच राहू द्या."

घरी आले तर हे ऐरणीपाशीच बसलेले. हरीण हातात घेऊन त्यांनी पोट चाचपलं, देवदारफळ सापडलं तसे हसले. मग ठशासाठी हात पुढे केला, त्याच्या खुंटीवर अडकवायला.

"टोबियासने ठेवून घेतला," मी म्हटलं.

हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तोच हात हरणाच्या मागच्या पायावरून सावकाश फिरला.

"नीट भरलायस," हे म्हणाले.