मोरेसाहेबांचं पाणी

संध्याकाळी सात वाजता पुष्करच्या मोबाईलचा गजर वाजायचा, आणि शिवांगी हातात असेल ते तसंच धरून कान देऊन उभी राहायची. आधी पलंग करकरायचा. मग एक लांब उसासा. मग चपला. चपलांचा आवाज आला की तिचा जीव भांड्यात पडायचा. उठला आजही.

चार महिने झाले होते. सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात पुष्कर टूलरूम सांभाळायचा. प्रेसचे साचे तपासायचे, केसाच्या दहाव्या हिश्श्याचा फरक पकडायचा, हे त्याचं काम. एका दुपारी साचा बसवताना प्रेस खाली आली आणि उजव्या हाताची चार बोटं घेऊन वर गेली. अंगठा तेवढा राहिला. टाके निघाले, शहाळी आणि सफरचंदं घेऊन येणारे नातेवाईक येऊन गेले, आणि मग पुष्करनं भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. दीड वर्षाची अबोली पलंगाशी हात वर करून उभी राहायची, "बाबा, उच." तो म्हणायचा, "घेऊन जा गं हिला. पडेल माझ्याकडून."

दिवसातून एकदा तो उठायचा, तो मोरेसाहेबांसाठी.

बाहेरच्या खोलीत चार फुटी काचेची टाकी होती, खाऱ्या पाण्याची. तिच्यात दगडाखालच्या नळीत हा राहायचा. समुद्रातला मासा, पण दिसायला थेट साप, पांढऱ्या अंगावर काळी नक्षी आणि पिवळे ठिपके. तीन वर्षांपूर्वी पलासियाच्या हरीभियाच्या शोभेच्या माशांच्या दुकानातून आणलेला. चेन्नईहून विमानानं आला होता, प्लास्टिकच्या पिशवीत वेटोळं करून. "हा कोण आणलास आता?" असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा पुष्कर म्हणाला होता, "मोरे म्हणतात याला. मोरे ईल."

"मोरे? मग आपल्यातलाच की," सरलाबाई म्हणाल्या होत्या, आणि तेव्हापासून तो मोरेसाहेब झाला. नागपंचमीला त्या काचेला बाहेरून हळदकुंकू लावायच्या. तो दिवसभर तोंड उघडायचा, मिटायचा. आलेल्यांना वाटायचं, चावायला बघतोय. तो नुसता श्वास घ्यायचा तसा. सरलाबाई म्हणायच्या, "सांगायचं असतं बिचाऱ्याला काहीतरी, शब्द फुटत नाहीत."

एक दिवसाआड त्याला कोळंबी लागायची. फ्रिजरमध्ये लाल टेप गुंडाळलेला डबा होता, त्याला सरलाबाई हात लावायच्या नाहीत. सात वाजले की माळ घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसायच्या आणि चिमटा धुतल्याचा आवाज आला की आत यायच्या. त्यांचा लोकमान्यनगरातला तो ओटा साऱ्या गल्लीला माहीत होता. "का काकू, साहेब जेवताहेत वाटतं?" असं येणारे-जाणारे विचारायचे.

अपघातानंतर पहिले दोन महिने शिवांगीनंच त्याला भरवलं. लांब चिमटा धरायची आणि डोळे मिटून घ्यायची. एकदा त्यानं चिमटाच ओढला. तिच्या तोंडून किंकाळी निघाली, आणि आतून पुष्कर उठून आला. तिच्या हातातून चिमटा घेतला, डाव्या हातात. म्हणाला, "असं नाही. दिसत नाही त्याला फारसं. आधी वास येऊ दे."

दोन महिन्यांत तो एवढा बोलला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच गजर लावला. कोळंबीच्या दिवशी कोळंबी, मधल्या दिवशी पाण्याचं माप. रविवारी पाव टाकी पाणी बदलायचं, बादलीत समुद्राचं मीठ कालवायचं. ते सगळं डाव्या हातानं. मीठ सांडायचं, तो पुन्हा तोलायचा, तीन-तीनदा मोजायचा. शिवांगी पोछा घेऊन लांब थांबायची, मदतीला जायची नाही. डॉक्टर म्हणाले होते, कशात तरी जीव रमू द्या. तो एका सापासारख्या माशात रमला होता, तर तिची काय हरकत. खजरान्याच्या गणपतीपुढे ती नवऱ्याच्या आधी माशाचं आयुष्य मागायची. हा जगला तर तो उठेल, इतकं साधं गणित होतं तिचं.

सुरुवात गोगलगायींपासून झाली. काचेवर चिकटून असायच्या त्या एकेक करून खाली पडल्या. मग मोरेसाहेबांनी कोळंबी सोडली. पुष्करनं चिमटा त्याच्या नाकासमोर धरला, हलवला, धरून ठेवला. त्यानं तोंड फिरवलं. पुढच्या आठवड्यात तो नळी सोडून उघड्यावर येऊन पडला. अंगावर पांढरा चिकट थर आला होता आणि तोंडाची उघडझाप धापेसारखी चालली होती.

"माझंच चुकतंय," पुष्कर म्हणाला.

"मिठाचं मीटर बरोबर दाखवतंय ना पण?"

"मीटर कोण धरतंय? हा हातच खोटा आहे." डावा हात त्यानं असा पुढे केला, जणू दुकानात बदलून मागायचा होता. "मीठ कमी पडलं की जास्त, मला कळतच नाही, शिवांगी. पूर्वी डोळे मिटून कळायचं."

दुसऱ्या दिवशी सातला गजर वाजला. शिवांगी कणकेचा हात तसाच धरून उभी राहिली. गजर वाजत राहिला, मग आपोआप थांबला. पलंग करकरला नाही.

तिनं स्वयंपाकघराचं दार लोटून हरीभियाला फोन लावला.

"टेन्शन नका घेऊ भाभीजी, एक-एक करके सांगा. पहले गोगलगायी गेल्या? पक्का?"

"हो. सगळ्या."

"मग मिठाचं नाही हो हे. मिठानं इतना जल्दी नाही होत. तांबं बघा."

"तांबं?"

"तार, कडं, नाणं, काही पण पडलं असेल. ह्याच्या अंगाला खवले नसतात ना. तांबं म्हणजे जहर समजा त्याला."

"आमच्याकडे कोण टाकेल हो टाकीत तांबं?"

"तरी पण एक बार हात घालून देख लो."

दुसऱ्या दिवशी दुपारी अबोली निजल्यावर तिनं बाही वर केली, झाकणावरचं वजन काढलं आणि कोपरापर्यंत हात घातला. मोरेसाहेब तिथंच पडला होता, त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. मागच्या कोपऱ्यात, दगडाआड, वाळूत बोटांना काहीतरी चपटं लागलं. मग दुसरं. नऊ निघाली. हिरवीगार, बुळबुळीत. एक तिनं अंगठ्यानं पुसलं तर खालून बसलेला नंदी दिसला.

विचारायची गरजच नव्हती. होळकरांच्या वेळचे हे तांब्याचे पैसे देवघरातल्या चांदीच्या डबीत असायचे, लक्ष्मीपूजनाला बाहेर निघायचे. आणि ओंकारेश्वरला जाताना निघायचे. मोरटक्क्याचा पूल आला की सासूबाई गाडीची काच खाली करायला लावायच्या आणि एक पैसा नर्मदेत सोडायच्या. "तिला तांबंच चालतं. तुमचा तो स्टीलचा रुपया काय करायचाय तिला?"

सरलाबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या.

"आई, टाकीत पैसे सापडले."

"सापडले होय?" त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. "काढलेस कशाला गं. राहू द्यायचे. अकरा सोमवार बोललेय मी त्याच्या हातासाठी. नऊ झाले."

"पण नर्मदेत टाकायचे ना?"

"माझे गुडघे मला पुलापर्यंत नेताहेत होय? आणि नर्मदा तरी शेवटी जाते कुठं? समुद्रालाच. म्हटलं, ज्याच्या घरात समुद्रच येऊन बसलाय त्यानं नदी कशाला शोधायची." मग थोड्या लाजल्यासारख्या हसल्या. "समुद्र मी पाहिलाय कुठं? बोट बुडवून चाखून बघितलं. खारट आहे."

शिवांगीच्या मुठीत नाणी होती, पदराआड.

"आणि लागू पडलं बघ," सरलाबाई म्हणाल्या. "पहिला पैसा टाकला आणि त्याच आठवड्यात तो उठला. तुला आठवतं ना? चिमटा घेतला तुझ्या हातातून."

आठवत होतं. शिवांगीच्या तोंडाशी आलेलं वाक्य तिथंच बसलं. चार महिने ही बाई मुलासमोर रडली नव्हती. न्हाणीघरात नळ सोडून रडायची.

"फिल्टरमध्ये अडकतात, आई," ती म्हणाली. "उरलेले दोन मी टाकेन, नीट."

"टाक हो. सोमवारीच मात्र."

त्या दिवशी तिनं निम्मं पाणी बदललं, स्वतः मीठ तोललं. हरीभिया पाण्यातलं विष शोषणाऱ्या कोळशाची पिशवी घेऊन स्कूटरवर आला, टाकीत डोकावला आणि पिशवी फिल्टरमध्ये बसवून गेला. पैसे घेतले नाहीत, त्यावरूनच तिला कळलं. बुधवारी सकाळी मोरेसाहेबांचं तोंड उघडं होतं ते उघडंच राहिलं.

पुष्करला तिनं हाक मारली. तो आला, टाकीसमोर उभा राहिला, मग चिमटा न घेता डावा हात आत घातला आणि त्याला उचलला. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यानं त्याला हातात घेतलं असेल.

"मारला मी," तो म्हणाला.

मागच्या अंगणात जास्वंदीखाली शिवांगीनंच खड्डा खणला. ती हात धुऊन आत आली तेव्हा तो पुन्हा भिंतीकडे वळला होता. अबोली पलंगाशी उभी होती, या वेळी हात वर न करता. पोरगीसुद्धा शिकली, असं शिवांगीच्या मनात आलं, आणि तिला राहवलं नाही. तिनं कपाटातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि त्याच्यासमोर चादरीवर सोडली.

"तुझं मीठ चुकलं नव्हतं," ती म्हणाली. "टाकीत होते हे. दगडामागे."

पुष्करनं पाहिलं. मग एक उचललं आणि नंदीवरून अंगठा फिरवत बसला. 

"किती सोमवार?" त्यानं विचारलं.

"नऊ."

त्यानं कुणाचं नाव काढलं नाही, तिनंही नाही. लहानपणी पुलावर नाणं टाकायला आई त्यालाच खिडकीशी बसवायची, आणि त्याचा नेम लोखंडी कठड्यावर लागायचा, हे त्यानंच तिला कधीतरी सांगितलं होतं.

तेवढ्यात सरलाबाई चहा घेऊन आल्या. पुष्करनं चादर ओढली, नाणी झाकली गेली.

"कशानं गेला रे तो?" त्यांनी विचारलं.

शिवांगीनं श्वास धरला.

"माझं मीठ चुकलं, आई," पुष्कर म्हणाला. "डाव्या हाताला अंदाज येत नाही."

सरलाबाई पलंगावर टेकल्या. त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. "तसं नको म्हणू. तुझ्यावरचं त्यानं अंगावर घेतलं. घरातलं मुकं जनावर घेतं असं. एवढ्यावर निभावलं म्हणायचं."

"असेल," तो म्हणाला. "चहा ठेव तिथं."

गुरुवारी संध्याकाळी गजर वाजला. बंद करायचा राहिला होता बहुतेक. सरलाबाई सवयीनं माळ घेऊन ओट्यावर जाऊन बसल्या होत्या, कोळंबी नसली तरी. शिवांगीनं पोळी तव्यावर टाकली होती, ती करपायला लागली तरी तिनं उलटली नाही.

पलंग करकरला. उसासा. मग चपला.

तो स्वयंपाकघराच्या दारात आला. "चिंच आहे का गं?"

तिनं बरणी उघडून दिली. मोरीपाशी पाट घेऊन तो बसला. एक नाणं त्यानं उजव्या तळव्यावर ठेवलं आणि उरलेल्या त्या एका अंगठ्यानं दाबून धरलं. चार महिन्यांत तो हात त्यानं कशाला लावला नव्हता, जेवतानाही पाठीमागे ठेवायचा. डाव्या हातानं चिंच घासायला लागला. नाणं निसटलं, मोरीत पडलं. पुन्हा धरलं. पुन्हा निसटलं. शिवांगी पाठ फिरवून दुसरी पोळी लाटत राहिली. अर्ध्या तासानं नंदी लालभडक होऊन वर आला. पुष्करनं तो उजेडात धरून सगळीकडून पाहिला, साचा पाहायचा तसा, आणि आपल्या हत्यारांच्या पेटीत फडक्यात गुंडाळून ठेवला.

"बाकीचे?" तिनं विचारलं.

"उद्या. एका वेळी एकच होतो." आणि जाऊन पडला, भिंतीकडे तोंड करून.

शुक्रवारी एक. शनिवारी एक. सोमवारी सरलाबाईंनी दहावा पैसा शिवांगीच्या हातावर ठेवला. तो तिनं टाकीत टाकला, त्यांच्या देखत. मासा नव्हता, पण पाणी होतं, आणि पंपही चालूच होता. बंद कर असं कुणीच म्हटलं नव्हतं. मंगळवारी पाच नाणी घासून पूर्ण झाली होती आणि सहावं हातात होतं. अंगठा आता निसटू द्यायचा नाही. अबोली मोरीशी उकिडवी बसून बघायची. एकदा त्यानं तिच्या पुढ्यात चिंचेचं बोट धरलं, तिनं चाटलं आणि तोंड वाकडं केलं. तो हसला नाही, पण बोट लगेच मागेही घेतलं नाही.

रुमालात तीन उरली होती. शिवांगी रोज बघायची. तीन म्हणजे तीन संध्याकाळी. टाकीतलं एक धरलं तर चार.

बुधवारी दुपारी घर निजलं होतं. सरलाबाई घोरत होत्या, अबोलीला नुकतीच झोप लागली होती, आणि आतल्या खोलीत पुष्कर भिंतीकडे तोंड करून पडला होता. शिवांगीनं हत्यारांची पेटी आवाज न करता उघडली. फडक्यातून लख्ख झालेली चार नाणी घेतली, दोन ठेवली. टाकीचं झाकण सरकवलं, कोपरापर्यंत हात घातला आणि दगडाआड, वाळूत, एकेक करून सोडली.

त्याला कळेलच. मोजमाप ठेवल्याशिवाय त्याचं चालायचंच नाही, पेटीतली नाणी त्यानं मोजलेली असणार. कळलं तर कळलं. ओल्या हातानं ती तशीच उभी राहिली. आत पंप गुरगुरत होता, रिकामी नळी दगडाखाली तोंड वासून पडली होती. पुन्हा हिरवी व्हायला यांना किती दिवस लागतील, तिला माहीत नव्हतं. हरीभियाला विचारता आलं असतं, पण तो म्हणाला असता, कशासाठी विचारताय, भाभीजी?