पाचोळा कुठे जातो?

सिडकोतल्या घंटागाडीवर उज्वला तीन वर्षं काम करत होती. प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायची तिला खोडच होती. लोकांच्या बादल्या रिकाम्या करता करता तिला कळायचं, कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाचा उपास आहे, कोणाच्या घरी बाळ आलंय. "तुला घंटागाडीवर नाही, पोलिसात घ्यायला पाहिजे होतं," ड्रायव्हर किशोर म्हणायचा.

फेब्रुवारीत बदामाची पानं गळायला लागली. दरवर्षी कोपऱ्यावर पाचोळ्याचे ढीग लागायचे आणि सकाळी कोणीतरी काडी लावायचं. सगळ्या गल्लीत धूर कोंडायचा. यंदा मात्र ढीग लागत होते, पण धूर नव्हता. दुसऱ्या दिवशी जागा साफ.

"किशोरदादा, पाचोळा जातो कुठे?"

"वाऱ्यानं उडाला असेल."

"वाऱ्यानं उडाला असता तर चार पानं तरी इकडेतिकडे दिसली असती. हे कोणीतरी भरून नेलंय."

दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधी आली. डोक्यावर जुन्या लुगड्याचं भलं मोठं गाठोडं घेतलेली एक म्हातारी तीन मजली इमारतीत शिरताना तिला दिसली. इमारत तिच्या ओळखीची होती. तिथल्या वरच्या मजल्यावरच्या एका घरातून कित्येक महिने ओला कचरा आलाच नव्हता. त्या घरात स्वयंपाक होत नाही की काय, असं तिला वाटायचं.

काम संपल्यावर उज्वला तो जिना चढून थेट गच्चीवर गेली.

अर्ध्या गच्चीवर विटांचे वाफे होते. वाफ्यांत उसाच्या रसवंतीवरचं चिपाड, पाचोळा, वर थोडी माती. त्यात मेथी, वालाचा वेल, भोपळा. म्हातारी खाली बसून पानं चुरत होती.

"कोण गं तू?"

"घंटागाडीवरची, उज्वला."

"मंग इथून काय न्यायचं हाय तुला?"

"न्यायचं काही नाही आजी. बघायला आले."

म्हातारीचं नाव चतुराबाई. पेठकडच्या एका पाड्यावरची. मुलगा संतोष अंबडला कंपनीत कामाला. गच्चीखालच्याच फ्लॅटमध्ये त्याच्याकडे राहायला येऊन तिला दोन वर्षं झाली होती; घरातला ओला कचराही ती या वाफ्यांतच जिरवायची.

"आमच्याकडं नागली, तुमची नाचणी, पेरायच्या आधी राब भाजतेत," ती सांगू लागली. "पाला, फांद्या शेतात पसरायच्या, जाळायच्या. त्या राखेत रोप जोमानं येतं. इथं आले तर रोज सकाळी पाचोळा जाळतेत. मी त्या माणसाला इचारलं, बाबा, इथं काय पेरणार? तो हसायलाच लागला. काय पेरायचंच नाय तर जाळता कशाला?"

उज्वला तिच्याशेजारी खाली बसली.

"मग तुम्ही का नाही जाळत?"

"गच्चीवर कुठं जाळू? म्हणून कुजवते. हात घाल बरं त्या ढिगात."

उज्वलानं कोपरापर्यंत हात घातला आणि चटकन बाहेर काढला. आत चांगलंच गरम होतं.

"आत काय आहे?"

"किडेमुंग्या, बुरशी. ते शिजवतेत आपल्यासाठी."

त्यानंतर उज्वला दर दोन-तीन दिवसांनी वर जायची. कांद्याची सालं किती दिवसांत कुजतात, संत्र्याची लवकर का कुजत नाहीत, वास कधी सुटतो, सगळं विचारायची. चतुराबाईलाही बरं वाटायचं. इथं आल्यापासून तिला एवढे प्रश्न कोणी विचारले नव्हते.

मे महिन्यात मात्र संतोषच्या शेजारच्या फ्लॅटमधले दीपकराव तणतणत वर आले. ते शाळेतून निवृत्त झाले होते. "माझ्या छताला ओल आलीय! उन्हाळ्यात ओल? हा सगळा पसारा आजच्या आज काढा."

संतोष घाबरला. "काढतो सर, लगेच काढतो."

"पण ओल नेमकी कुठून येतेय ते बघू या ना," उज्वला म्हणाली.

चतुराबाईनं स्वतःच भोपळ्याचा वाफा उपसला. खाली स्लॅबला बोटभर लांब चीर होती आणि तिच्यात पाणी मुरत होतं. तिनं त्यावरून बोट फिरवलं. "पाणी मीच घातलं. चूक माझी हाय, दादा." कोणी काही बोलायच्या आत ती विटा काढायला लागली.

वाफे हलले. पाचोळा कुजवायला कोपऱ्यावरच्या मोकळ्या भूखंडात जागा मिळाली. किशोरनं गाडीतून दोन फेऱ्या मारून सगळं तिथं नेऊन टाकलं. चतुराबाई दोन दिवस जेवली नाही, असं संतोष सांगत होता.

आठ दिवसांनी दीपकरावांनी उज्वलाला गाडीपाशी गाठलं. अवघडल्यासारखे उभे होते.

"एक विचारायचं होतं. झाडं होती तोवर माझी खोली गार असायची का? मला वाटलं, यंदा ऊनच कमी आहे. आता पंख्याखालीही बसवत नाही."

"मोजलंत का?"

"नाही मोजलं."

"मग मोजा की, सर."

आणि त्यांनी खरंच मोजलं. संतोषच्या खोलीत एक तापमापक, आपल्या खोलीत एक. चीर बुजवून घेतली, गच्चीवर ओल उतरू नये असा थर दिला, आणि एका संध्याकाळी चतुराबाईसमोर जाऊन म्हणाले, "आजी, वाफे परत लावाल? फक्त माझ्या बाजूला आधी लावा. संतोषची बाजू तशीच राहू द्या. फरक किती पडतो ते मला बघायचंय."

"म्हणजे माझ्या लेकाला तापत ठेवायचा?" चतुराबाई म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

या वेळी वाफे क्रेटमध्ये भरले, खाली विटा ठेवून वारा खेळेल असे. पंधरा दिवसांत दीपकरावांच्या खोलीचा पारा संतोषच्या खोलीपेक्षा दोन अंशांनी खाली आला. ते वहीतला आकडा जो भेटेल त्याला दाखवत सुटले. मग संतोषच्याही डोक्यावर क्रेट आले.

भूखंडातल्या कुजलेल्या पाचोळ्यावर चतुराबाईनं पावसाळ्यात नागली लावली. येणारेजाणारे थांबून विचारायचे, हे गवत कसलं? ऑक्टोबरात कणसं भरली, तोवर शेजारच्या तीन इमारतींनी ओला कचरा कुजवायचे आपापले डबे बसवले होते. घंटागाडीतला ओल्या कचऱ्याचा कप्पा त्या गल्लीत आता अर्धाही भरत नव्हता. डब्यात ओल्यावर पसरायला पाचोळा मात्र पुरेना.

एका सकाळी तिसऱ्या इमारतीच्या बायकांनी गाडी अडवली. त्यांच्या डब्याला घाण वास येत होता, अळ्या झाल्या होत्या, आणि सगळं फेकून द्यायचं ठरलं होतं.

"थांबा, फेकू नका," उज्वला म्हणाली. तिनं झाकण उघडलं, नाकाला पदर लावला आणि वाकून आत पाहिलं. "सगळं ओलंच घातलंय, पाचोळा नाहीच. किशोरदादा, पाच मिनिटं गाडी थांबवा. मी आजींना बोलावून आणते."